नाजूक त्वचा, बोअरचे पाणी आणि धुण्याची पावडर

तासगाव तालुक्यातील एक वाचक भगिनी लिहितात: ‘‘आम्ही गेल्या उन्हाळ्यात सांगली शहर सोडून द्राक्षबागेतल्या आमच्या घरी राहायला आलो. माझा मुलगा सात वर्षांचा असून त्याला तान्हेपणापासून एक्झिमा आहे. इथे आल्यापासून त्याच्या मानेवर, कोपरांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांच्या मागे खाज फार वाढली आहे, शिवाय चड्डीच्या इलॅस्टिकखाली कमरेभोवती लाल पट्टा उठतो. पावडर मी सांगलीत वापरत होते तीच वापरते. पाणी बोअरचे आहे. निम्मे धुणे सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये होते आणि निम्मे मी हाताने धुते. दुकानदार लहान मुलांसाठीचे महाग लिक्विड घ्यायला सांगतात, सासूबाईंना जुनी साबणाची वडीच बरी वाटते आणि जाऊबाई रिठा वापरून पाहा म्हणतात. नेमके काय घ्यावे? ता. क. माझ्याही बोटांना भेगा पडल्या आहेत, पण ते चालायचेच.’’

प्रिय भगिनी, सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर आधी देतो. मुलाच्या कपड्यांसाठी सुवास नसलेले, आणि तसे मिळाले नाही तर सर्वांत कमी सुवासाचे, मशीनमध्ये चालणारे द्रवरूप डिटर्जंट घ्यावे. ते मोजून आणि जपून वापरावे. कपडे मऊ करणारे कंडिशनर पूर्णपणे बंद करावे. आणि कपडे आज जितक्या पाण्यातून काढता त्याहून किमान एका पाण्यातून अधिक काढावेत. विशिष्ट कंपनीचे नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण एकाच नावाखाली चार प्रकारची पाकिटे विकली जातात, त्यांतील घटक वेळोवेळी बदलतात आणि आज माझ्या शब्दावर घेतलेली वस्तू पुढच्या वर्षी तीच राहील याची हमी नसते. त्याऐवजी पाकिटात काय असते आणि त्यातले काय कपड्यात मागे उरते हे एकदा नीट समजून घेतले, तर तासगावच्या कोणत्याही दुकानात आपली निवड आपल्याला करता येईल. मुलाच्या अंगाला लागते ते बादलीतले डिटर्जंट नसून वाळलेल्या कपड्याच्या धाग्यांत उरलेले डिटर्जंट असते, आणि माझा सगळा सल्ला या एका गोष्टीभोवती फिरणारा आहे.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती आपण जाता जाता दिली आहे. पावडर बदललेली नाही, पाणी बदललेले आहे. सांगली शहराला कृष्णेचे पाणी मिळते, आणि नदीचे पाणी सामान्यतः विंधनविहिरीच्या पाण्यापेक्षा हलके असते. बोअरचे पाणी जमिनीखालच्या खडकांमधून मुरत येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊन येते. शाळेच्या पुस्तकात त्यालाच दुष्फेन पाणी म्हटले जाते. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात एकूण कठीणपणा एका लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असे म्हटले आहे आणि दुसरा स्रोत नसेल तरच ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले आहे. आपल्या पातेल्यांच्या तळाशी, गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर चढत असेल, तर आपले पाणी जड आहे हे समजायला प्रयोगशाळेची गरज नाही.

जड पाण्यात दोन गोष्टी घडतात. साबण असेल, तर त्याचा कॅल्शियमशी संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो, आणि तो पाण्याबरोबर वाहून न जाता कापडावर बसतो. कपडे करडे आणि खरखरीत होतात ते त्यामुळेच. डिटर्जंट असेल, तर त्याची धुण्याची ताकद क्षारांशी झगडण्यात खर्ची पडते, फेस कमी येतो, आणि फेस कमी दिसला की धुणारा माणूस आणखी एक मूठ पावडर टाकतो. सांगलीत पुरणारा एक चमचा तासगावात दीड-दोन चमचे होतो, पण खळबळण्याचे पाणी मात्र तेवढेच राहते, किंबहुना उन्हाळ्यात बोअर आटू लागले की कमीच होते. पावडर तीच असूनही मुलाची खाज वाढण्याचे हे अगदी संभाव्य कारण आहे.

या बाबतीत झालेल्या दोन अभ्यासांचा उल्लेख करतो, कारण ते एकत्र वाचले तरच योग्य अर्थ लागतो. इंग्लंडमध्ये शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले, की सोडियम लॉरिल सल्फेट हा फेस आणणारा घटक हलक्या पाण्यापेक्षा जड पाण्यातून धुतल्यावर त्वचेवर अधिक प्रमाणात उरतो, आणि एक्झिमाकडे कल असलेल्या त्वचेला त्याचा त्रास जास्त होतो. हे वाचून घरभराच्या पाण्यासाठी सॉफ्टनर बसवावा असे कोणालाही वाटेल. परंतु त्याआधी, २०११ साली, इंग्लंडमध्येच एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांवर झालेल्या चाचणीत घरात असा सॉफ्टनर बसवून १२ आठवडे वाट पाहिली, तेव्हा ज्यांच्याकडे तो बसवला नव्हता त्या मुलांच्या तुलनेत एक्झिमात उल्लेखनीय फरक पडला नाही. म्हणून आपण त्या यंत्रावर हजारो रुपये घालू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी बदलण्यापेक्षा त्या पाण्यात आपण काय आणि किती टाकतो हे बदलणे स्वस्त आहे आणि आपल्या हातात आहे. मात्र एक गोष्ट आवर्जून तपासावी: घरात पिण्याच्या पाण्याचे आरओ यंत्र असेल आणि त्यातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून ते धुण्याला वापरले जात असेल, तर त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षाही अधिक क्षार असतात. पाणी जपण्याची ही सवय चांगली आहे, परंतु ते पाणी फरशी पुसायला किंवा अंगण धुवायला वापरावे, मुलाच्या कपड्यांना नको.

आता पाकिटाच्या आत पाहू. धुण्याच्या पावडरीतला मुख्य मळ काढणारा पदार्थ बहुतेक वेळा अल्किल बेंझिन सल्फोनेट या गटातला असतो आणि त्याच्या जोडीला धुण्याचा सोडा असतो. स्वस्त पावडरींमध्ये सोड्याचे प्रमाण मोठे असते. सोडा पाण्यातील कॅल्शियम बाजूला काढतो हा त्याचा गुण आहे, पण तो त्याची बारीक खडूसारखी भुकटी करून काढतो आणि त्यातली काही भुकटी कापडात अडकते. शिवाय सोड्यामुळे पावडरीच्या द्रावणाचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कपणा दाखवणारा पीएच, १० ते ११ च्या घरात जातो, तर निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू साधारण ४.५ ते ५.५ असतो. म्हणजे त्वचा किंचित आम्लधर्मी आणि पावडर चांगलीच अल्कधर्मी. एक्झिमात त्वचेचे संरक्षक कवच मुळातच कमकुवत असते आणि अल्कधर्मी अवशेष ते आणखी सैल करतात. द्रवरूप डिटर्जंटमध्ये हा सोडा सहसा नसतो, त्याचा सामू पावडरीपेक्षा त्वचेच्या अधिक जवळ असतो आणि ते थंड पाण्यातही पूर्ण विरघळते. पावडरीचे न विरघळलेले कण मात्र शिवणीत, खिशात आणि कॉलरच्या घडीत बसून राहतात. या दोन कारणांमुळे मी आपल्याला लिक्विड सुचवतो आहे.

लिक्विडची एक उणी बाजू आहे आणि ती सांगणे मला आवश्यक वाटते. त्यात पाणी असल्यामुळे ते नासू नये म्हणून परिरक्षक घालावे लागते, जे कोरड्या पावडरीत लागत नाही. त्यासाठी वापरले जाणारे मेथिलआयसोथायाझोलिनोन नावाचे रसायन ॲलर्जीसाठी इतके कुप्रसिद्ध झाले, की अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली त्याला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक पदार्थ’ म्हणून घोषित केले होते. कपडे नीट खळबळले तर ते पाण्याबरोबर निघून जाते, त्यामुळे मुलाच्या दृष्टीने मला त्याची फार चिंता वाटत नाही. बाटलीतले लिक्विड उघड्या हातावर घेऊन कॉलर घासणाऱ्या आईला मात्र त्याचा धोका अधिक आहे. बाटलीवर हे नाव आढळले तर दुसरी बाटली घ्यावी.

सुवासाबद्दल मी सर्वांत कडक आहे. कपडे धुण्याला सुवासाचा काहीही उपयोग नसतो, आणि तो कपड्यात टिकून राहावा अशाच रीतीने घातलेला असतो. चार दिवसांनी कपाट उघडल्यावर वास येतो याचा अर्थ ते रसायन अजून कापडात आहे. लिमोनीन आणि लिनालूल ही लिंबाच्या व लव्हेंडरच्या वासाची द्रव्ये हवेशी संयोग पावल्यावर ॲलर्जी निर्माण करणारी होतात. युरोपमध्ये यादीत नोंदलेल्या अशा सुगंधी घटकांपैकी कोणताही ठरावीक प्रमाणाहून अधिक असेल, तर त्याचे नाव डिटर्जंटच्या वेष्टनावर छापावे लागते. आपल्याकडच्या पाकिटांवर बहुधा नुसते ‘सुगंध’ एवढेच लिहिलेले असते, आणि अनेकदा तेही नसते. कपडे मऊ करणारे कंडिशनरही याच कारणासाठी बंद करावे: ते शेवटच्या पाण्यात टाकले जाते, पुन्हा धुतले जात नाही, कापडावर लेप बनून राहते आणि सुती कापडाची घाम टिपण्याची क्षमता कमी करते. एक्झिमाच्या मुलाला घाम टिपणारा कपडा हवा असतो.

डिटर्जंटमध्ये डाग काढण्यासाठी घातल्या जाणाऱ्या एन्झाइमविषयी लोकांच्या मनात भीती असते, तिच्याविषयी थोडक्यात सांगतो. १९६९ साली ब्रिटनमध्ये डिटर्जंटच्या कारखान्यातील कामगारांना एन्झाइमची धूळ श्वासावाटे आत गेल्याने दमा झाल्याचे समोर आले, आणि तेव्हापासून या घटकांची बदनामी झाली. पुढे एन्झाइमचे कण आवरणात गुंडाळले जाऊ लागले, धूळ उडणे थांबले, आणि धुतलेल्या कपड्यांतील एन्झाइममुळे त्वचेला ॲलर्जी होते असा ठोस पुरावा नंतरच्या तपासण्यांत मिळालेला नाही. रक्ताचे, दुधाचे, घामाचे डाग कमी घासून आणि कमी डिटर्जंटमध्ये निघतात हा त्यांचा फायदा आहे. निळीचे किंवा कपड्यांना चमक देणाऱ्या शुभ्रकांचे म्हणाल, तर तेही कापडावर राहण्यासाठीच बनवलेले असतात. त्यांची ॲलर्जी क्वचितच आढळते, पण मुलाच्या बनियनला त्यांची गरजही नाही.

वेष्टनावरच्या शब्दांना फार भुलू नये. ‘हायपोॲलर्जेनिक’, ‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले’, ‘बाळांसाठी सौम्य’ हे शब्द ॲलर्जी होणार नाही अशी हमी देत नाहीत. ‘वास नसलेले’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूतही मूळ रसायनांचा वास झाकण्यासाठी दुसरे सुगंधी द्रव्य घातलेले असू शकते, म्हणून ‘सुगंधी द्रव्ये घातलेली नाहीत’ असे स्पष्ट लिहिलेले शोधावे. दुकानदारांनी सुचवलेले मुलांचे लिक्विड याच कसोटीवर पाहावे. त्याचे झाकण उघडल्यावर फुलांचा किंवा तथाकथित ‘बाळाचा’ वास दरवळत असेल, तर जास्तीचे पैसे बऱ्याच अंशी त्या वासाचे आहेत आणि आपल्या मुलाला नेमका तोच नको आहे.

सासूबाईंच्या वडीविषयी आदराने सांगावेसे वाटते, की नदीच्या पाण्यावर, घाटाच्या दगडावर, वाहत्या धारेत कपडे खळबळले जात होते तेव्हा ती वडी पुरेशी होती, कारण वाहते पाणी सगळे धुऊन नेत होते. बोअरच्या बादलीभर पाण्यात तीच वडी साका धरते. शिवाय आज वडी म्हणून विकली जाणारी बहुतेक वस्तू साबणाची नसतेच. ती डिटर्जंट, सोडा आणि खडूमाती दाबून केलेली असते आणि कापडावर थेट घासली जात असल्यामुळे तिचा अंश एका जागी अधिक उरतो. शाळेच्या गणवेशाची कॉलर आपण वडीने घासत असाल आणि मुलाच्या मानेवर त्याच जागी खाज असेल, तर या दोन गोष्टींचा संबंध असू शकतो.

जाऊबाईंचा रिठा सौम्य आहे हे खरे. त्यातील सॅपोनिनमुळे फेस येतो आणि रेशमी व लोकरी कपड्यांना तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला आहे. पण द्राक्षबागेतल्या चिकट मळापुढे त्याची ताकद कमी पडते, पांढऱ्या कपड्यांना पिवळट झाक येते आणि त्याचे पाणी डोळ्यांत गेले तर चांगलीच आग होते. झाडापासून मिळालेली वस्तू त्वचेला अपाय करणार नाही, असे गृहीत धरता येत नाही. पूर्वी परीट कपड्यांवर खूण करण्यासाठी बिब्ब्याचा रस वापरत, आणि त्या खुणेखाली अंगावर फोड उठल्याच्या नोंदी वैद्यकीय ग्रंथांत आहेत. दोन-चार हलक्या कपड्यांसाठी रिठा वापरायला माझी हरकत नाही. रोजच्या धुण्याची भिस्त त्यावर ठेवू नये.

आता धुण्याची पद्धत, कारण खरा फरक इथेच पडणार आहे. सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा एक मोठा फायदा बहुतेक घरांत वाया जातो. धुण्याचे चक्र संपल्यावर कपडे तसेच साबणाच्या पाण्यासह स्वच्छ पाण्यात टाकले जातात, आणि पहिले स्वच्छ पाणी लगेच साबणाचे होऊन जाते. त्याऐवजी कपडे आधी ड्रायरमध्ये घालून मिनिटभर फिरवावेत, म्हणजे कापडातले साबणाचे पाणी पिळून निघते. मग स्वच्छ पाण्यातून काढावे, पुन्हा फिरवावे आणि पुन्हा पाण्यातून काढावे. प्रत्येक वेळी आधीचे पाणी निघून गेलेले असल्यामुळे तेवढ्याच पाण्यात कपडे कितीतरी स्वच्छ होतात, आणि बोअरवर दिवस काढणाऱ्या घराला हे परवडते. टब गच्च भरू नये, कपडे पाण्यात मोकळे फिरले पाहिजेत. पावडरच वापरायची असेल, तर ती कपड्यांवर न भुरभुरता आधी मगभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यावी. फेस जास्त म्हणजे कपडे जास्त स्वच्छ हा समज सोडून द्यावा. मशीनसाठीची डिटर्जंट मुद्दामच कमी फेसाची केलेली असतात.

कपड्यात डिटर्जंट उरले आहे की नाही हे घरीच पाहता येते. धुऊन वाळलेला एखादा टॉवेल स्वच्छ कोमट पाण्याच्या बादलीत जोराने हलवावा; पाणी गढूळ झाले किंवा फेस आला, तर तो आधीच्या धुण्यांचा आहे. पावडर वापरणाऱ्यांसाठी दुसरी कसोटी सांगलीच्या माणसाच्या घरातच आहे. हळदीच्या दाट पाण्यात पांढऱ्या जाड कागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवाव्यात. हळद अल्कधर्मी द्रावणात पिवळ्याची तांबूस होते, हळदीच्या डागाला साबण लागल्यावर तो लाल होतो ते याच कारणाने. शेवटच्या पाण्यातून काढलेला कपडा पिळून त्याचे थेंब एका पट्टीवर टाकावेत आणि दुसरीवर नुसते बोअरचे पाणी टाकावे. पहिली पट्टी दुसरीपेक्षा तांबूस दिसली, तर कपड्यात सोडा शिल्लक आहे आणि आणखी एक पाणी लागणार आहे. लिक्विडमध्ये सोडा नसल्यामुळे तिथे ही कसोटी चालत नाही, त्यासाठी फेसाचीच पाहावी. पट्टी वारंवार तांबूस होत असेल, तर शेवटच्या बादलीत दोन-तीन चमचे पांढरे व्हिनेगर घालावे. उरलेला सोडा त्याने निष्प्रभ होतो आणि उन्हात वाळल्यावर वास राहत नाही. मात्र ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण वापरलेल्या बादलीत व्हिनेगर कधीही घालू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

बागायतदाराच्या घराला आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. फवारणीचे कपडे मुलाच्या कपड्यांसोबत धुतले जात असतील, तर ते आजपासून थांबवावे. कीटकनाशके, गंधक आणि मोरचूद-चुन्याचे मिश्रण यांचे अंश एका कपड्यातून दुसऱ्यात जातात, आणि नाजूक त्वचेला गंधक आणि चुना दोन्ही बोचतात. ते कपडे त्याच दिवशी, वेगळ्या बादलीत, गरम पाण्यात, हातमोजे घालून धुवावेत आणि वेगळ्या दोरीवर वाळवावेत. मशीन वापरले असेल तर नंतर नुसते पाणी आणि थोडे डिटर्जंट घालून एकदा रिकामे फिरवावे. नवे गणवेशही घालण्यापूर्वी एकदा धुवावेत, कारण सुरकुत्या न पडणाऱ्या कापडावर फॉर्मल्डिहाइडच्या राळेची प्रक्रिया असू शकते आणि पॉलिस्टरमधील काही निळ्या रंगद्रव्यांची ॲलर्जी होते.

एवढे सांगून झाल्यावर एक शक्यता आपल्यासमोर ठेवणे माझे कर्तव्य आहे. धुतलेल्या कपड्यांतील डिटर्जंटची खरी ॲलर्जी लोक समजतात त्याहून खूप दुर्मीळ आहे. उत्तर अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या ७३८ रुग्णांच्या चाचणीत अशी प्रतिक्रिया १ टक्क्याहूनही कमी जणांत आढळली. उरलेल्या डिटर्जंटची चुरचुर ही ॲलर्जीपेक्षा वेगळी गोष्ट आहे. ती आधीच्या एक्झिमाला चिथावते आणि म्हणूनच वरची सगळी काळजी घ्यायची आहे. परंतु कोपरांच्या आतले आणि गुडघ्यांमागचे खळगे या एक्झिमाच्या स्वतःच्या जागा आहेत. डिटर्जंटचा त्रास कपडा घट्ट बसतो आणि घाम येतो तिथे, काखेच्या कडांना, कमरेला, मानेभोवती, अधिक दिसतो. कमरेचा लाल पट्टा इलॅस्टिकमधल्या रबराचा असू शकतो; आठवडाभर सुती नाडीची चड्डी घालून पाहावी. पट्ट्याची कड उठावदार आणि गोलाकार पसरत जाणारी असेल, तर ते गजकर्ण असू शकते, आणि मग दुकानातून कोणतेही मिश्र मलम आणून लावू नये, कारण त्यातल्या तीव्र स्टिरॉइडमुळे गजकर्ण दबते आणि नंतर अधिक पसरते. रात्री घरातल्या सगळ्यांनाच खाज सुटत असेल, तर आधी खरजेची तपासणी करावी.

आता आपल्या हातांविषयी. ‘ते चालायचेच’ हे आपले वाक्य मला मान्य नाही. मुलाच्या अंगाला डिटर्जंटचा उरलासुरला अंश लागतो. आपले हात मात्र रोज त्या सोड्याच्या द्रावणात बुडालेले असतात, आणि या घरात डिटर्जंटचा सर्वांत थेट मार आपल्याच त्वचेला बसतो आहे. हाताने धुण्याच्या पावडरींत फेस आणि सोडा दोन्ही जास्त असतात. भेगांतून रसायने आत शिरतात, आणि एकदा त्वचा उकलली की पूर्वी नसलेली ॲलर्जीही नव्याने जडू शकते. बेदाण्याच्या हंगामात शेडवर द्राक्षे डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवण्याचे काम आपण करत असाल, तर तेही अल्कधर्मीच आहे आणि हातांवर दुहेरी भार पडतो. जितके धुणे मशीनमध्ये घालता येईल तितके घालावे. हाताने धुवायचेच असेल, तेव्हा आत पातळ सुती मोजे आणि वर व्हिनाइलचे किंवा नायट्राइलचे हातमोजे घालावेत. साधे रबरी मोजे काहींना स्वतःच ॲलर्जी देतात. काम झाल्यावर हात साध्या पाण्याने धुऊन, टिपून, ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली लावावी, आणि रात्री झोपताना ती जाडसर लावून वर सुती मोजे घालावेत. अंगठी धुण्याआधी काढून ठेवावी, कारण तिच्याखाली साबण साठतो. भेगांतून रक्त किंवा पाणी येत असेल, तर मुलाला दाखवाल तेव्हा स्वतःचेही हात दाखवावेत.

हे सगळे एकदम सुरू करू नये, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. पहिले दोन आठवडे पावडर तीच ठेवून केवळ प्रमाण कमी करावे, कंडिशनर थांबवावे आणि एक पाणी वाढवावे. सोबत डॉक्टरांनी सांगितलेले मलम आणि अंघोळीनंतरचे मॉइश्चरायझर चालूच ठेवावे. जुने अवशेष निघून जायला मुलाचे सगळे कपडे, चादर, उशीचा अभ्रा आणि टॉवेल काही वेळा धुऊन व्हावे लागतात. त्यानंतर सुवासरहित लिक्विडवर यावे आणि आणखी चार आठवडे पाहावे. एवढे करूनही खाज तशीच राहिली, त्वचा ओली होऊन पिवळी खपली धरू लागली किंवा मुलाची झोप मोडत असेल, तर पावडरी बदलत बसण्यात वेळ घालवू नये. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि ॲलर्जीचा संशय असल्यास पॅच टेस्टविषयी विचारावे. त्यात संशयित पदार्थ योग्य प्रमाणात पातळ करून पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवतात, आणि पट्ट्या काढल्यावर एकदा व त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा त्वचा तपासतात. घरच्या घरी डिटर्जंट चिकटपट्टीखाली लावून ही चाचणी करू नये. तीव्र डिटर्जंटने निरोगी त्वचाही भाजते आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. जाताना सध्याच्या पावडरीचे रिकामे पाकीट, मुलाला लावत असलेली सर्व मलमे आणि कमरेला घासणारी ती चड्डी सोबत न्यावी.